प्रकरण अकरावं : माळ्यावरची फळी

भाजी चिरायच्या पाटाला दोन खळगे होते. डावा सासूबाईंचा, उजवा थोरलीचा. सासूबाई डावखुऱ्या, त्यामुळे त्यांची सुरी जन्मभर पाटाच्या डाव्या अंगानं चालली आणि लाकूड तिथं वाटीसारखं खोल गेलं. उजवा खळगा थोरलीनं बावीस वर्षांत स्वतःच्या हातानं पाडला होता, पण त्याचं कौतुक कुणी केल्याचं तिला आठवत नव्हतं. सासूबाई गेल्या आणि डावा खळगा सात वर्षं कोरडा राहिला. थोरली पाट धुताना तोही घासायची, पण त्यात कधी काही चिरत नसे.

मग धाकटी जाऊ आली आणि तीही डावखुरी निघाली.

लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी तिनं सुरी उचलली, पाट पुढे ओढला आणि कुणाला न विचारता गाजरं डाव्या खळग्यात ठेवली. त्याच आठवड्यात बाबांनी आपली वेताची खुर्ची मागच्या कारखान्यातून उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली. बाबा सुतार. सकाळचा चहा त्यांनी आयुष्यभर भुशात बसून घेतला होता. कपात दोन कण पडल्याशिवाय चहा लागतच नाही म्हणायचे. आता ते रोज दाराशी बसत, डोळे मिटत आणि धाकटीची सुरी ऐकत.

"डाव्या हाताचा आवाज कसा ठाम येतो बघ," ते म्हणत.

थोरलीच्या अंगाची लाही लाही होई. सुरी तीच, पाट तोच, गाजरंही त्याच दुकानातली. आवाज ठाम कसा येईल? आणि बावीस वर्षं ती इथेच उजव्या हातानं चिरत होती, तेव्हा या माणसाला खुर्ची सुचली नव्हती.

पण आता हे सगळं आठवडाभराचंच होतं. मागच्या महिन्यात धाकट्यानं वेगळं राहायचं जाहीर केलं, त्यावर घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही, मग हळूहळू बोलले, आणि आता तीन गल्ल्या सोडून भाड्याची जागाही मिळाली होती. बाहेरच्या खोलीत खोकी बांधून ठेवली होती. घर फुटतंय म्हणून थोरलीनं चारचौघांत डोळे पुसले होते, ते खोटं नव्हतं. पण मनातून ती खूश होती. एकदा हे बिऱ्हाड हललं की खुर्ची परत भुशात जाईल, असा तिचा हिशेब होता.

रविवारी सकाळी चहा संपवून बाबा म्हणाले, "आज दुपारी सगळ्यांनी कारखान्यात या. धाकटीचा पाट ठरवायचाय."

थोरलीच्या हातातला कोबी तसाच राहिला.

या घराची रीतच होती ती. घरातलं जे कुणी वेगळी चूल मांडेल, त्याला पहिला पाट घरच्या कारखान्यातून जायचा, आणि त्याचं लाकूड चिरणारीनं स्वतः निवडायचं, ठोकून, नखानं ओरखडून, वास घेऊन. नणंदेला तिच्या लग्नात मिळाला होता. थोरलीला मिळाला नव्हता, कारण ती कुठे गेलीच नव्हती. घर सोडून जाणारीला नवा, राहणारीला जुना. ही रीत ज्यानं काढली तो माणूस स्वयंपाकघरात कधी शिरला नसणार, असं तिचं पक्कं मत होतं.

*

नणंद, म्हणजे सगळ्यांची अक्का, दुपारी आली ती गळ्यात मोजपट्टी घेऊनच. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि ती पट्टी बहुतेक झोपतानाच काढत असावी.

"तू का तोंड पाडून बसलीयस?" तिनं थोरलीला विचारलं.

"कुठे काय. माझं तोंडच असं आहे."

"बावीस वर्षांपूर्वी नव्हतं." अक्का स्टूल ओढून बसली. "पाटाचं मनावर घेऊ नकोस. माझा पाट आठवतो ना? साग हवा म्हणून हट्ट धरला होता मी. दिसायला राजा. महिन्याभरात घरातल्या सगळ्या सुऱ्या बोथट. आता त्यावर मी शिवणाचे खडू ठेवते."

"तुम्हाला मिळाला तरी, अक्का."

अक्कानं तिच्याकडे नीट बघितलं. तिची जीभ तिखट होती, पण डोळे फुटलेले नव्हते. "अच्छा," ती म्हणाली. "असं आहे होय." आणि पुढे काही बोलली नाही. अक्का गप्प बसली की समजायचं, ती कुणाच्या तरी बाजूला गेली.

*

कारखान्यात रंध्याच्या टेबलावर बाबांनी चार तुकडे ओळीनं मांडून ठेवले होते. पाइन, साग, शिसव, अक्रोड. प्रत्येकाच्या पुढ्यात ओलं फडकं.

धाकटी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिला परीक्षेला बसल्यासारखं झालं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांना विचारायची, हे नीट दिसतंय की ते? आज तिला कुणी तरी विचारत होतं आणि तिला काहीच नीट दिसत नव्हतं. पाठीमागे जाऊबाई उभी होती.

या घरात सगळ्यांना वाटायचं की धाकटी लाडकी आहे. धाकटीला मात्र जाऊबाईचा हेवा वाटायचा. डब्यांवर नावं नसताना कुठल्या डब्यात काय आहे हे तिला माहीत. नवरा पहिल्या घासाला म्हणणार, वहिनीच्या हातची चव वेगळी. आणि बाबांची खुर्ची? बाबा डोळे मिटून बसतात ते आपल्यासाठी नाही, हे धाकटीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एकदा ती मध्येच थांबली होती, तर डोळे न उघडता ते म्हणाले होते, "थांबलीस का गं?" तिच्याशी ते इतक्या सलगीनं कधीच बोलत नसत. त्या दिवसापासून ती कधी न भेटलेल्या सासूवर जळत होती, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

"ठोकून बघ," बाबा म्हणाले.

तिनं ठोकलं. सगळे सारखेच वाजले.

"मी काय म्हणतो," धाकटा मध्ये पडला. तो तयार किचनच्या शोरूममध्ये विक्रीला होता आणि बाबा त्याच्या मालाला दाबलेला भुसा म्हणत. "आमच्याकडे बांबूचे येतात. हलके, स्वस्त, धुवायला सोपे."

"बांबू गवत आहे," बाबा म्हणाले. "तू गप्प."

धाकटीनं अक्रोडावर हात फिरवला. काळपट, गुळगुळीत. "हा छान वाटतोय," ती म्हणाली.

"वा," बाबा म्हणाले. "नजर आहे पोरीला."

बास. इतकंच पुरे झालं.

"काळ्या पाटावर काय चिकटून राहिलंय ते दिसत नाही," थोरली मागून म्हणाली. आवाज तिनं अगदी साधा ठेवला होता. "कालचं बीट आजच्या काकडीला लागतं. दिवसा उजेड असला तर ठीक. तुमच्या नव्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते ना?"

धाकटीनं हात मागे घेतला. "मग शिसव?"

"दगडावर चिरल्यासारखं होतं. मनगट दुखेल. घे हवं तर, भक्कम आहे, नातवंडांपर्यंत टिकेल."

"साग?"

"अक्कांना विचार."

"मला नको विचारू," अक्का म्हणाली.

"पाइन हलका आहे," धाकटीचा आवाज बारीक झाला होता.

"नख लाव त्याला. बघ, रुतलं. नखानं रुततं तिथे सुरी काय करेल? प्रत्येक चिरेत कांदा बसणार, आणि मग सफरचंदाला कांद्याचा वास येतो. मग नवरे विचारतात, हे काय केलंस."

बोलताना थोरलीला मनातून गोड वाटत होतं, आणि ते गोड वाटणं तिला आवडत नव्हतं, तरी थांबवत नव्हतं. तिनं सांगितलेलं सगळं खरंच होतं. फक्त ती ते धाकटीच्या भल्यासाठी सांगत नव्हती. बाबांनी ऐकावं म्हणून सांगत होती.

बाबांनी ऐकलं. चष्मा कपाळावर चढवून ते प्रथमच तिच्याकडे वळले. "मग काय द्यावं म्हणतेस?"

थोरलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर तिच्याकडे होतं. चौदा वर्षं होतं.

तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं ते देऊन टाकलं. थोरला स्वभावानं बरा होता. भांडण मिटावं, सगळ्यांचं भलं व्हावं, असं त्याला नेहमी वाटे, आणि त्यासाठी तो बहुतेक वेळा बायकोचीच वस्तू पुढे करत असे. "बाबा, माळ्यावरची चिंच आहे की," तो म्हणाला. "घट्ट, पण सुरी खात नाही. वास धरत नाही. खाटकांचे ठोकळे उगाच चिंचेचे नसतात. तीच द्या धाकटीला."

"अरे हो," बाबा म्हणाले. "काढ काढ."

*

शिडी लागली. थोरला वर चढला, धाकट्यानं खालून हात दिला, आणि धुळीचा एक लोट बरोबर घेऊन फळी टेबलावर आली. पिवळसर, दोन बोटं जाड, मधोमध एक तपकिरी शीर.

बाबांनी ती ओल्या फडक्यानं पुसली. मग वाकून एका डोळ्यानं तिच्या कडेवरून बघितलं. पुन्हा बघितलं. पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड येतो का ते पाहिलं. उजेड येत नव्हता.

"चिंचेची फळी चौदा वर्षं पडून राहते आणि वाकत नाही," ते म्हणाले. "वेळच्या वेळी पालटली असेल तरच. शाबास." त्यांनी थोरल्याच्या पाठीवर थाप मारली. "मला वाटत होतं, तुला असल्या गोष्टींची आठवण राहत नाही."

थोरला गोंधळला. शाबासकी त्याच्या वाट्याला फारशी येत नसे, म्हणून ती परत करायला त्याला क्षणभर वेळ लागला. "मी नाही पालटली. मला वाटलं, तुम्हीच."

"मी? या गुडघ्यांनी शिडी चढून?"

दोघांनी धाकट्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका. माळ्यावर गेलं की मला शिंका येतात."

चौदा वर्षं तीन पुरुष त्या माळ्याखाली ये-जा करत होते आणि प्रत्येकाची खात्री होती की वरचं काम दुसरा करतोय.

"मी पालटत होते," थोरली म्हणाली.

तिघंही तिच्याकडे वळले.

"दर तीन महिन्यांनी. तुम्ही जेवून आडवे झालात की. खालच्या पट्ट्या सरकवायच्या, फळी उलटी करायची, पुन्हा पट्ट्या. टोकं फाटू नयेत म्हणून त्यांना मेण आहे बघा. ते मेणबत्तीचं आहे. उन्हाळ्यात सुटतं, मग परत लावायचं."

बाबांनी अंगठ्यानं टोक चाचपलं. मेण होतं.

"पण कशासाठी?" थोरल्यानं विचारलं.

"माझी आहे म्हणून." तिचा आवाज आता साधा राहिला नव्हता. "रस्ता रुंद केला तेव्हा कोपऱ्यावरची चिंच पाडली ना, तुम्ही सगळे ओंडके मोजण्यात होता. ही फळी सासूबाईंनी बाजूला काढली. आम्ही दोघींनी वर चढवली. म्हणाल्या, ही तुझ्या पाटासाठी, तुझी चूल झाली की. सहा वर्षं त्या बरोबर यायच्या, मग मी एकटी. माझी चूल काही झाली नाही. मी इथेच राहिले. पण म्हणून ती फळी कुणाला उचलून द्यायची, हे मला न विचारता? आणि तुम्ही द्यायची?"

शेवटचं वाक्य नवऱ्याला होतं. थोरल्यानं मान खाली घातली. त्याला लाज वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर दुसरंही काही वाटत होतं. बाबा फळीच्या कडेवरून नजर काढून त्याच्या बायकोकडे बघत होते, आणि तसं त्यांनी आपल्याकडे कधी बघितल्याचं थोरल्याला आठवत नव्हतं. तीस वर्षं तो त्यांच्या शेजारी रंधा मारत होता. एका फळीनं ती त्याच्या पुढे गेली होती. बायकोचा हेवा करायची वेळ आली म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

"माझ्याशी ती कधी बोलली नाही या फळीबद्दल," बाबा हळूच म्हणाले. कोण ते त्यांनी सांगितलं नाही, आणि गरजही नव्हती. बायकोनं आपल्यापासून एक गोष्ट राखून ठेवली आणि सुनेला सांगितली, हे त्यांना लागलं होतं. थोरलीला ते दिसलं. तिला बरं वाटलं.

अक्का उठली, गळ्यातली पट्टी काढली आणि न विचारता मोजायला लागली. "इकडे गाठ आहे. इकडे खिळ्याची चीर. मधलं कापलं तर एकच पाट निघेल. दोन नाही."

"कुणाचा ते सांगायलाच नको," बाबा म्हणाले.

"हो, ताईंचाच," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, तरी ती पुढे आली. "मला जुना द्या. मला नवीन नकोच होता. मला निवडता येत नाही यातलं काही. त्या जुन्या पाटावर माझा हात बसलाय."

आणि बाबांचा चेहरा उजळला. जुना पाट, डावा खळगा, डावा हात, सगळं एकत्र तीन गल्ल्यांवर. सत्तरीतला माणूस, चेहरा लपवायची सवय कधीच सुटलेली.

थोरलीला ते सगळं एका नजरेत कळलं. जुना पाट गेला की खुर्चीही जाणार. भुशात नाही, तिकडे.

"तू सांग," बाबा तिला म्हणाले. स्वतःला सावरून म्हणाले, हे कबूल केलं पाहिजे. "एका चुलीला एक पाट. तुझा शब्द शेवटचा. जुना ठेवायचा असेल तर ठेव. मग चिंचेचा हिला करतो."

म्हणजे आता तिच्या हातात होतं. 'जुना' म्हटलं की खळगा घरात राहणार, कोरडा का असेना, आणि म्हातारा त्याच्यासाठी दाराशी बसणार. धाकटीकडे जायला त्याला कारणच उरणार नव्हतं. एक शब्द टाकला की झालं. शब्द तिच्या ओठांवर आलाही होता.

मग तिची नजर फळीच्या टोकाकडे गेली. मेणावर बोटांचे ठसे होते. तिचेच.

"नवा," थोरली म्हणाली. "दुसऱ्याच्या खळग्याशेजारी बावीस वर्षं चिरलं. आता पुरे."

*

शनिवारी टेम्पो आला. खोकी चढली, गाद्या चढल्या. शेवटी बाबा स्वतः वेताची खुर्ची घेऊन आले. "तिकडे गेल्यावर उभा किती वेळ राहू," ते कुणी न विचारताच म्हणाले आणि खुर्ची गाद्यांवर ठेवून दिली. थोरली दारातून बघत होती.

धाकटी पुढच्या सीटवर बसली. जुना पाट तिनं फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. "ताई," ती खिडकीतून म्हणाली, "उजवीकडचा खळगा तसाच ठेवीन. त्यात नाही चिरणार."

"चिरलंस तरी जमणार नाही तुला," थोरली म्हणाली. "उजव्या हाताचा आहे तो."

दोघी एकमेकींकडे बघून थोडंसं हसल्या. टेम्पो कोपऱ्यावर वळला आणि थोरलीचं हसू ओसरलं. बावीस वर्षांचा खळगा आपण फडक्यात गुंडाळून देऊन टाकला, हे तिला तेव्हा कळलं.

सोमवारी सकाळी दाराशी जागा मोकळी होती. बाबा फिरायला म्हणून बाहेर पडले होते, आणि ते कुठे फिरताहेत हे विचारायला ज्योतिषी नको होता. तिनं चिंचेचा पाट ओट्यावर ठेवला. बाबांनी तो मन लावून केला होता, कडा गोल, तेल पाजलेलं, खाली सरकू नये म्हणून दोन आडव्या पट्ट्या. सपाट. इतका सपाट की गाजर ठेवलं तर घरंगळत कडेला गेलं. तिनं ते परत आणलं. परत गेलं. खळग्याची सवय झालेल्या हाताला काही सापडेना.

तीन गल्ल्या पलीकडे आत्ता सुरी चालू असेल. डोळे मिटून बसले असतील. ठाम आवाज.

तिनं गाजर डाव्या हातानं घट्ट धरलं आणि पहिला घाव घातला. कोऱ्या लाकडावर एक बारीक रेघ उमटली. त्या रेघेकडे ती जरा वेळ बघत राहिली. मग चिरायला लागली. गाजरं झाली, कोबी घेतला. आवाज नवा होता, जरा चढा, आणि त्यात दुसऱ्या कुणाचं काहीच नव्हतं. कोबी अर्धा झाल्यावर तिला दाराशी कुणीतरी आहे असं वाटलं.

बाबा उभे होते. हातात काठी, बुटांना तिकडच्या रस्त्यावरची खडी.

"लवकर आलात," ती न वळता म्हणाली.

"तिकडे ती सिंकजवळ चिरते. नळ चालू असतो. काही ऐकू येत नाही." त्यांनी मान पाटाकडे वळवली. "हा आवाज कुणाचा? ओळखीचा नाही."

"माझा."

बाबांनी मान हलवली. काठी भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून चौकटीला टेकून उभे राहिले. बसायला खुर्ची नव्हती. स्टूल थोरलीच्या पायापाशीच होतं. तिला ते दिसत होतं.

तिनं आधी उरलेला कोबी संपवला, सावकाश, आणि मग स्टूल सरकवलं.